दोन दात

"हे तोंड धुऊन टाक आणि दुसरं घेऊन ये."

मोठीबाई मला म्हणाली. दापोऱ्याच्या मालगुजारांच्या अंगणात, मांडवाच्या दारात, सगळ्या बायकांच्या देखत. जसं काही माझ्याकडे दोन-तीन तोंडं होती. एक अंगावर, एक धुऊन दोरीवर वाळत घातलेलं, एक सणासुदीला पेटीत ठेवलेलं.

मी गोठ्यामागं गेले. माणसांच्या पाण्याला आम्ही हात लावायचा नव्हता, म्हणून बैलांच्या हौदावर गेले. एक बैल पाणी पीत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि सरकून जागा दिली. त्या दिवशी मला जागा देणारा तो एकटाच. मी तोंड धुतलं. हौदाच्या पाण्यात पाहिलं. आणि काय सांगू, खरंच दुसरं तोंड घेऊन परत आले.

ते तोंड अजून माझ्या अंगावर आहे. बुऱ्हाणपुरात कुणालाही विचारा. राजपुऱ्याची ती हसरी बाई कोण? लोक माझंच घर दाखवतील.

त्या दिवशी सकाळी आम्ही आमचं लेकरू तापीकाठी पुरून आलो होतो.

आता गारी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही अडाल. गारी म्हणजे लग्नातली शिवी. गोड शिवी. मुलीकडच्या बायकांनी मुलाकडच्यांना गाण्यातून द्यायची. आमच्या घरचे पुरुष लग्नात डफ वाजवायचे आणि आम्ही बायका गाऱ्या म्हणायच्या. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली घरं. सुगीला त्या घरांतून आमच्याकडे धान्य यायचं, त्यांच्याकडे लग्न निघालं की आम्ही जायचं. विचारणं नाही, सांगणं नाही. गाडी दारात उभी राहिली की बसायचं.

आणि गारीचा एक कायदा होता. गारीचा राग धरायचा नाही. ज्यांच्या ओट्यावर वर्षभर आमची सावली पडलेली चालत नव्हती, त्यांच्या मिशांवर, त्यांच्या पोटावर, त्यांच्या विहिणीच्या चालण्यावर आम्ही वाट्टेल ते बोलायचं. त्यांनी हसायचं. हसून लांबूनच चोळीचा खण फेकायचा. लग्न संपलं की गारी संपली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सावली.

मला गाऱ्या फार आवडायच्या. खोटं कशाला बोलू? लग्न होऊन राजपुऱ्यात आले तेव्हा सासूला वाटलं, मुकी सून आणली. पहिल्याच मांडवात मी एका व्याह्याच्या पगडीवर अशी गारी जुळवली की तो स्वतः उठून नाचला. सासू म्हणाली, "माय वं, ही तर आग आहे." तेव्हापासून आमच्या घरात मी पुढं आणि सासू मागं.

लेकरू गेलं त्या वर्षी आमचा मुलूख नागपूरपासून तुटला आणि भोपाळला जोडला गेला. आमच्या वस्तीला त्याचं काय? मिलचा भोंगा होता त्याच वेळेला वाजत राहिला. पण मालगुजारांना बरोबर कळलं. त्यांची मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा हक्क, कायद्यानं आधीच गेली होती, जमिनी आणि केळीचे मळे मात्र होते तिथंच होते. आता साहेब नागपूरहून नाही, भोपाळहून येणार. म्हणून त्यांनी थोरली मुलगी भोपाळच्या एका सरकारी साहेबाच्या घरात दिली. सगळं राज्य जोडलं जात होतं, तसं यांनीही जोडून घेतलं.

त्या लग्नाची गाडी आमच्या दारात आली तेव्हा माझा नवरा अंगणात हातपाय धूत होता. नखांत तापीची वाळू होती. ती निघत नव्हती.

गाडीबरोबर मालगुजारांचे मुनीमजी आले होते. सासू म्हणाली, "मुनीमजी, लेकरू गेलं आज सकाळी. तापानं. घरात सुतक आहे."

मुनीमजी वाईट माणूस नव्हते. टोपी काढली त्यांनी. पण मांडव उभा होता, वऱ्हाड जनवाशात उतरलं होतं. त्यांनी विचारलं, "दात आले होते का?"

तुम्हाला हा प्रश्न कळला का? ज्याला दात आले नाहीत असं लेकरू गेलं तर सुतक लागत नाही. आंघोळ केली की झालं. दात आले असतील तर मात्र तो माणूस. मग त्याचं सुतक धरायचं, त्याच्यासाठी बसायचं, लोकांनी भेटायला यायचं. दात नसेल तर तो कोणी नाही.

माझ्या लेकराला दोन दात होते. खालचे. आदल्याच महिन्यात आले होते. पहिला आला तेव्हा सासूनंच वाटी लावून पाहिली होती. टिक्‌ असा आवाज आला. तिनं साऱ्या आळीला ऐकवला. दूध पिताना तो चावायचा. मी ओरडले की हसायचा आणि हसला की ते दोन दात दिसायचे. त्यांची खूण त्या दिवशीसुद्धा माझ्या अंगावर होती. लाल. ताजी.

सासूनं मुनीमजींकडं पाहिलं. मग धान्याच्या कणगीकडं पाहिलं. मग म्हणाली, "नाही. दात नव्हते."

मी तोंड उघडलं. तिनं माझा हात दाबला. "तू चूप ऱ्हाय."

नवऱ्यानं डफ खांद्याला लावला. आम्ही गाडीत बसलो. गाडी शहराबाहेर पडून केळीच्या मळ्यांमधून चालली होती, तेव्हा सासू माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझे तीन गेले. तिघांनाही दात नव्हते, असंच सांगितलं होतं मी."

एवढंच.

मोठीबाई म्हणजे मालगुजारांची बायको. मांडवाच्या दाराला केळीचे खांब बांधले होते, त्यांच्यामध्ये ती उभी होती. मुनीमजींनी तिच्या कानात सांगितलं. तिनं मला लांबूनच नीट न्याहाळलं.

"दात नव्हते ना?"

"नव्हते बाई," सासू म्हणाली.

"मग सुतक कसलं? आणि तुमच्यात कोण पाळतं एवढं? एक जातं, एक येतं." मग माझ्याकडं बोट केलं. "पाहुणे भोपाळचे आहेत. हे असलं रडकं तोंड माझ्या मांडवात नको. हे तोंड धुऊन टाक आणि दुसरं घेऊन ये. आणि ऐक, दोन-चार हिंदीत घाल. त्यांना मराठी समजत नाही."

आमची जागा मांडवाच्या कडेला, गोठ्याला लागून, पोत्यावर. मी दुसरं तोंड घेऊन बसले. समोर नवरा डफ शेकत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. डफ वाजला. आणि मी गळा उघडला.

व्याहीबुवांचं पोट बाई रांजणावाणी गोल,
आत वाजे भोपाळचा रिकामा ढोल!

हशा. मग हिंदी.

समधी हमारे भोपाल से आए, मूँछ लगा के आए,
मूँछ गिरी तापी में उनकी, मछली ले के जाए!

व्याही मिशीला हात लावून बघू लागले. मांडव कोसळायचा बाकी राहिला. भोपाळवाले म्हणत होते, "क्या बात है! क्या बात है!" मी कधीच अशी गायले नव्हते. शब्द आपोआप येत होते. आतलं सगळं एका बाजूला ढकलून दार लावून घेतलं की बाहेर किती मोकळी जागा होते ते मला त्या दिवशी कळलं. त्या मोकळ्या जागेत मी नाचत होते.

पण अंगाला कोण सांगणार? लेकराच्या दुधाची वेळ झाली आणि दूध आलं. भरभरून आलं. चोळी भिजली, पदर भिजला. मी पदर ओढून घेतला, तोही भिजला.

वरमाईनं पाहिलं. हसून ओरडली, "अरे, इसकी चोली तो देखो!"

सगळ्या बायकांनी पाहिलं. माझ्या नवऱ्यानं पाहिलं. डफ थांबला. मोठीबाईच्या कपाळाला आठी पडली. सासूनं मान खाली घातली. त्या घटकेला मी रडू शकले असते. ओरडून सांगू शकले असते.

मी गारी केली.

विहीणबाई तहानल्या, पाण्याचा नाही तोटा,
गाणारीच आणली दुभती, पुढं करा लोटा!

आणि हात असा पुढं केला. लोटा धरल्यासारखा. कंबर वाकडी, मान तिरकी, डोळा बारीक. वरमाईला शब्द नाही, हात कळला; ती हसता हसता लोळली. मोठीबाईसुद्धा हसली. भोपाळवाल्यांनी लांबून माझ्या ओटीत माव्याच्या जिलेब्या टाकल्या. एक पदरात पडली, एक मातीत. मातीतली मी उचलून पुसली आणि डोक्याला लावली. त्यावरही हशा.

त्या दिवशी मी माझ्या लेकराच्या दुधावर गारी रचली. माझी सगळ्यांत गाजलेली गारी ती. पुढं कित्येक मांडवांत लोक म्हणायचे, "ती लोट्याची म्हण ना गं." मी म्हणायची. हात पुढं करून.

घरी आल्यावर सासूनं जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि माझी छाती घट्ट आवळून बांधली. दूध आटावं म्हणून. इतकी घट्ट की श्वास अर्धाच जाई. दूध काही दिवसांत आटलं. पट्टी सुटली. श्वास अर्धाच राहिला.

त्याचं नाव पुढं घरात कोणी घेतलं नाही. मीही इतक्यात घेत नाही.

काही दिवस मला वाटलं, आता रडेन, मग रडेन. सुगी झाल्यावर. लग्नसराई झाल्यावर. पण रडण्याची एक वेळ असते. ती गेली की मग ते रडणं तुम्हाला ओळखत नाही. मी घरात एकटी बसून डोळे मिटायची. दोन दात आठवायची. आणि आतून काय यायचं? गारी! कोणाची तरी चाल, कोणाची तरी मिशी. माझं मलाच हसू यायचं. मी घाबरले होते, पण घाबरल्याचंसुद्धा तोंड माझ्याकडं उरलं नव्हतं.

गळ्यात गोळा बसला. गिळताना अडायचा, गाताना नाही. सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून घशात पाहिलं. "कुछ नहीं है, बाई."

मी म्हटलं, "नीट बघा साहेब, एखादा व्याही अडकला असेल."

ते पोट धरून हसले. औषध न देता पाठवलं. एवढ्या हसवणाऱ्या बाईला काय दुखणार?

नवऱ्याचं वेगळंच झालं. तो मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होता आणि लग्नसराईत डफावर. दोन्हीकडं एवढा आवाज की बोलायची गरजच पडत नाही. तो आवाज तो घरी घेऊन आला. आम्ही मिठाबद्दल बोललो, रॉकेलबद्दल बोललो, छपरातून गळणाऱ्या पाण्याबद्दल बोललो. त्या सकाळबद्दल कधीच नाही. त्याला वाटायचं, ही विसरली. बघा ना, किती हसते. मला वाटायचं, हा विसरला. बघा ना, किती गप्प. एका खाटेवर दोघं. मध्ये एक लेकरू झोपावं एवढी जागा सोडून.

तो छातीच्या रोगानं गेला. शेवटी शेवटी त्याला बोलायचं होतं असं मला वाटतं. एका दुपारी माझा पदर धरून म्हणाला, "त्या दिवशी वाळू..." आणि थांबला. मी काय करायला हवं होतं? "हो, वाळू," एवढं म्हणायला हवं होतं. मी त्याची उशी सारखी करत म्हटलं, "वाळू नाही हो, पीठ सांडलंय. तुमचे डोळे गेले की काय?" तो हसला. बिचारा नेहमी हसायचा माझ्या बोलण्याला. मग भिंतीकडं वळला.

तो गेला तेव्हा वस्तीतल्या बायका गळा काढून रडल्या. मी नाही. डोळे कोरडे. एक म्हातारी मला हलवून म्हणाली, "रड गं माय, मोकळी हो." आणि माझ्या तोंडून तिच्या आवाजाची नक्कल बाहेर पडली. हुबेहूब. दोन पोरी फिसकन्‌ हसल्या. नंतर पाणवठ्यावर कोणीतरी म्हणालं, "नवरा खाल्ला अन्‌ ढेकर देते." ते ऐकून मला वाटलं, ओळ चांगली आहे. गारीत बसेल.

आता काशी. माझी मुलगी. पहिल्यानंतर दोन वर्षांनी झाली. तिला पहिला दात आला तेव्हा सासू वाटी घेऊन आली. मी वाटी हिसकावून घेतली.

काशी पडली, गुडघा फुटला, रडत आली, की मी काय करायची? जमिनीला फटका मारायची, भिंतीला शिव्या द्यायची, तोंडं वेडीवाकडी करायची. काशी रडता रडता हसायची. शेजारणी म्हणायच्या, "अशी आई पाहिजे." एकदा शाळेत तिला मागं चपलांपाशी बसवलं. घरी येऊन तिनं मास्तरांची चाल करून दाखवली. मी म्हटलं, वा! माझी पोर! आणि तिला जवळ घ्यायच्या ऐवजी मास्तरांची चाल मीही करून दाखवली, तिच्यापेक्षा चांगली.

तिचं लग्न धूलकोटला करून दिलं. वर्षभरानं ती माहेरी आली. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायका जमल्या. "काशे, सासरचं सांग ना गं."

काशी उभी राहिली. पदर खोचला.

आधी सासू केली. लुटुलुटु चालणारी, चुलीपाशी हुंगणारी. बायका हसल्या. मग नवरा केला. तो दारू पिऊन उंबऱ्यात कसा अडखळतो, मग उंबऱ्याचीच माफी कशी मागतो. बायका लोळल्या. मग म्हणाली, "आता बघा हं, साहेब सरपण निवडतात." आणि नवरा लाकडांच्या ढिगातून एकेक लाकूड कसं पारखतो ते दाखवलं. हे बारीक. हे ओलं. हे, हे बरोबर! "अन्‌ मग मी म्हटलं, अहो, चूल तिकडं आहे, ही तुमची बायको!" आणि लाकडाचा फटका हातावर झेलल्यासारखा केला. कंबर वाकडी. मान तिरकी. डोळा बारीक. हात असा पुढं.

लोटा धरल्यासारखा.

सगळ्या हसल्या. मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. आणि हसता हसता मला दिसलं, तो हात सरळ होत नव्हता. कोपराशी सुजलेला, काळानिळा. पोर दुसऱ्या हातानं तो दाबून धरत होती आणि हशा ओसरायची वाट बघत होती, पुढची ओळ टाकायला.

बायका गेल्यावर मी विचारलं, "दुखतं का गं?"

"छे गं आई. मजा आली की नाही ते सांग."

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ते मी ओळखलं. बैलांच्या हौदावर मी जे उचललं होतं तेच. मला वाटलं होतं, ते माझ्यापाशी संपेल. मी ते पोरीला आंदण दिलं होतं.

त्याच महिन्यात दापोऱ्याची गाडी आली. आता ट्रॅक्टर होता. मोठीबाईच्या नातीची हळद. मुनीमजी कधीच वारले होते, त्यांचा मुलगा आला. "मोठीबाईनं खास सांगितलंय. ती लोट्याची पाहिजेच."

मी बसले ट्रॅक्टरमध्ये. दीर डफ घेऊन बसला. मळ्यांमधून जाताना मी एकही ओळ जुळवली नाही.

मोठीबाई खुर्चीवर बसली होती. म्हातारी झाली होती. मला पाहून आनंदानं हसली आणि मला दिसलं, तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. आता सांगा! माझ्यासारख्या बाईपुढं हे ताट वाढून ठेवायचं? गारी आपसूक तयार झाली. अख्खी, यमकासकट. नियमानं बघायला गेलं तर मोठीबाई मेल्या तरी कुणाला सुतक लागायचं नाही! ओठापर्यंत आली. म्हटली असती तर मांडव पडला असता. मोठीबाई स्वतः हसली असती. खण फेकला असता.

आणि तिथंच मला कळलं. ती हसली असती. तेच तर! एवढी वर्षं मी त्यांना जे जे बोलले ते सगळं त्यांनी हसून पचवलं होतं. गारीचा राग धरायचा नाही हा कायदा त्यांच्यासाठी नव्हताच. तो आमच्यासाठी होता. आमच्या पोटातला राग गाण्यातून काढून घ्यायचा, वर खण द्यायचा आणि आम्हाला रिकामं करून घरी पाठवायचं.

मी ती गारी गिळली नाही. म्हटलीही नाही. ठेवून दिली.

दिरानं डफावर थाप मारली. मी हात वर करून थांबवलं.

"मोठीबाई, मला सुतक आहे."

"आँ? कुणाचं?"

"दगडूचं."

"कोण दगडू?"

"माझा मुलगा. तुमच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी गेला. त्याला दोन दात होते."

बायका हसल्या. हो, हसल्या! त्यांना वाटलं, ही गारीची सुरुवात. पुढची ओळ काय येते म्हणून माना पुढं करून बसल्या. मी बोलले नाही. हसू अंगणभर फिरलं, कुठं बसायला जागा मिळेना, आणि हळूहळू विझलं. नवरीच्या गालाला लावायला उचललेली हळद कोणाच्या तरी हातात तशीच राहिली.

"अगं, किती वर्षं झाली त्याला," मोठीबाई म्हणाली. "आता कसलं सुतक?" आणि भटजींकडं पाहिलं. "काय हो?"

मी भटजींना विचारलं, "महाराज, परगावी कोणी मेलं अन्‌ उशिरा कळलं, तर कळल्या दिवसापासून धरतात ना?"

"धरतात, पण..."

"मग मला आज कळलं. आज पहिल्यांदा मी तोंडानं म्हटलं. माझा मुलगा मेला."

भटजींनी सोवळं सावरलं आणि दोन पावलं मागं सरकले. कोणी नवरीला उचलून आत नेलं. कोणी ओरडलं, गोमूत्र आणा. वाटलेली हळद उकिरड्यावर टाकली. मोठीबाई खुर्चीचे हात धरून किंचाळली. "हाकला हिला! माझं शुभकार्य नासवलं. एवढं दिलं या लोकांना!"

मला कोणी हात लावून हाकलू शकत नव्हतं. विटाळ झाला असता ना! मी माझी मी उठले. सावकाश. केळीच्या खांबांमधून, पुढच्या दारानं बाहेर पडले. पहिल्यांदाच.

आता तुम्ही म्हणाल, मग तापीवर गेली असेल, धाय मोकलून रडली असेल, मोकळी झाली असेल. गेले मी तापीवर. नेमकी जागा सापडली नाही. किती पूर येऊन गेले. वाळूत बसले. नाव घेतलं, मोठ्यानं घेतलं. डोळ्यांना म्हटलं, या आता. नाही आले. सूर्य बुडेपर्यंत बसले. घशातला गोळा होता तिथंच होता. एक धोबी कपडे गोळा करता करता म्हणाला, "काय हो, आज गंमत नाही का काही?"

आणि पुढं काय झालं तेही ऐका. सुगीला दापोऱ्याहून धान्य आलं नाही. मग इतर घरांतूनही आलं नाही. लग्नांना आता बँडवाले येतात. दीर माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, तुझ्या दोन दातांनी आमच्या ताटातलं खाल्लं." बरोबर आहे त्याचं. जाऊबाई माझ्याशी बोलत नाही. काशीला मी म्हटलं, जाऊ नकोस धूलकोटला, राहा इथं. ती म्हणाली, "अन्‌ खायचं काय गं आई, तुझं सुतक?" आणि हसली. ओळ चांगली होती. हात बरा झाला नव्हता, तरी गेली.

म्हणजे काही बदललं नाही. मोठीबाईच्या नातीचं लग्न दुसऱ्या अंगणात, दुसऱ्या हळदीनं लागलंच. माझा नवरा ती वाळू नखांत घेऊनच गेला. आणि तुम्हीही कुठं वेगळे? हे सगळं ऐकताना मध्ये कुठंतरी हसलात. त्या भोपाळच्या ढोलाला तरी हसलाच असाल. मी बघत होते. मी सांगतेच असं. दुसरं कसं सांगायचं ते मला येत नाही, ती जागाच आत जळाली.

पण दोन गोष्टी ठरवल्या आहेत.

त्या मोसमात, दरवर्षी, मी दगडूचं सुतक धरते. चूल बंद ठेवून ओट्यावर बसते. कोणी विचारलं तर सांगते, मुलगा गेलाय. कधी, असं विचारलं तर सांगते. दात होते का, असं विचारलं तर तेही सांगते. दोन होते. खालचे.

आणि दुसरी. काशी येईल. अक्षय्य तृतीयेला येईल. तिच्या अंगावर कुठं ना कुठं काही असेलच. ओट्यावर उभी राहील, पदर खोचेल. सासू करील, नवरा करील, नवीन काहीतरी घेऊन आली असेल. पोर माझ्यापेक्षा चांगली करते. बायका लोळतील. ती माझ्याकडं बघेल. "आई, हस ना गं."

मी हसणार नाही. ती दुसरी नक्कल करील, तिसरी करील. मी तिच्या तोंडाकडं बघत बसेन. ते तोंड थकून गळून पडेपर्यंत. त्याच्या खालचं तिचं स्वतःचं तोंड उरलंय की नाही, मला माहीत नाही. उरलं नसेल तरी.

मी हसणार नाही.